दोन मैलांवरचे गाव



वसंत व्याख्यानमालेचे हे व्यासपीठ विद्वानांचे आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू केली, तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी शहाण्या माणसाने बोलावे आणि गावाने ऐकावे असा रिवाज पडला आहे. त्या रिवाजात आमच्यासारखा माणूस बसत नाही. आमची शाळा सातवीपर्यंत. पुढचे शिक्षण झाले ते थोडे जळगावच्या व. वा. वाचनालयाच्या बाकावर आणि बरेचसे कामगार न्यायालयाच्या ओट्यावर, तारखेची वाट पाहत. तीस वर्षे कामगारांत काढली, पण भाषण करावयाचे ते कारखान्याच्या फाटकापाशी, पाळी सुटताना, पाच मिनिटांत. समोरचा माणूस डबा घेऊन घरी निघालेला असतो, त्याला थांबवून बोलावे लागते. आज तुम्ही आपण होऊन खुर्च्यांवर बसला आहात, ही आमच्यासाठी नवलाची गोष्ट आहे.

संयोजकांनी विषय दिला, ‘आमचे गाव’. आमचे गाव मेहरूण. ऐकणाऱ्यांपैकी कोणी म्हणेल, मेहरूण हे काय गाव झाले? ती तर जळगावातली वस्ती. महापालिकेच्या हद्दीत आहे, रिक्षाने दहा मिनिटांत पोहोचता येते. हे खरे आहे. परंतु एकाकी गाव म्हणजे डोंगरापलीकडचे गाव, ही समजूत आम्हांस मान्य नाही. जिथून सगळे काही शहरात जाते आणि जिथली नोंद मात्र शहराच्या कोणत्याच वहीत होत नाही, ते गाव दोन मैलांवर असले तरी एकाकीच होय. मेहरूण असे गाव आहे.

प्रथम पाणी घेऊ. जुन्या सरकारी गॅझेटिअरात जळगावचे वर्णन आहे. त्यात कापसाची पेठ, रुंद रस्ते आणि नवे बांधकाम यांच्याबरोबर असेही लिहिले आहे, की शहरास सुमारे दोन मैलांवरील मेहरूणच्या तलावातून नळाने पाणी येते. त्या काळी नळाचे पाणी ही मोठी प्रतिष्ठेची गोष्ट होती. पुढे गिरणेचे पाणी आले, मग वाघूर धरणाचे आले, आणि तलावाची ती चाकरी संपली. आज तिथे सकाळी लोक फिरावयास येतात आणि अनंत चतुर्दशीला शहराचे गणपती विसर्जनास येतात. आमच्या मनात एक साधा प्रश्न येतो. त्या नळाकरिता चर कोणी खणले? बांधावर माती कोणी वाहिली? साहेबांच्या, नगरशेटांच्या नावांचे रस्ते झाले, पेठा झाल्या. ज्यांच्या डोक्यावरून मातीच्या पाट्या गेल्या, त्यांतले एक नाव आम्हांस कुठे आढळले नाही. आम्ही पुष्कळ शोधले.

दुसरे बोर. मेहरूणचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले ते बोरामुळे. शेतकीशास्त्राच्या पुस्तकात बोरांच्या जाती देतात, त्यांत उमराण, कडाका यांच्या पंगतीला ‘मेहरूण’ बसलेले असते. पौष-माघात जळगावच्या बाजारात ‘मेहरूणची बोरं’ अशी आरोळी उठली, की संक्रांत जवळ आली असे समजावे. लहान मुलांच्या बोरन्हाणात ओंजळ भरायची ती याच बोरांनी. आम्ही लहानपणी बोरी राखल्या आहेत. पहाटे थंडीत गोफण घेऊन पाखरे उडवायची, आणि ऊन वर आले की बायका वेचायला येत. बोराला काटा असतो हे खाणाऱ्याला आठवत नाही, वेचणाऱ्याला विसरता येत नाही. आमच्या आईच्या मनगटांवर उन्हाळा लागेपर्यंत ओरखडे दिसत.

शहर वाढले, तशा त्या बोरीही गेल्या. शेत विकले गेले, प्लॉट पडले, खुंट उपटले गेले. यात आम्ही कोणाला शिव्या देत नाही. ज्याच्या बोरीने वर्षाला चार पैसे दिले आणि ज्याच्या जमिनीने एका सहीत मुलीचे लग्न उरकले, त्याने काय करावे हे आपण बाहेरून कसे सांगावे? पण झाड गेले आणि आरोळी राहिली. हातगाडीवर आजही नाव मेहरूणचे घेतात. बोर कुठले, ते गाडीवाल्यालाच ठाऊक.

तिसरी गोष्ट कापूस. त्याबद्दल थोडे सविस्तर बोलू, कारण आमच्या घरची चूल त्याच्यावर पेटली.

१८६१ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांचे युद्ध जुंपले. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. त्याच सुमारास आगगाडी खानदेशात आली. इकडच्या काळ्या जमिनीत कापूस होताच, आता त्याला सोन्याचे मोल आले. जळगाव हे जवळजवळ खेडेच होते, ते पाहता पाहता पेठ झाले. १८६४ साली तिथे नगरपालिका स्थापन झाली. १८६५ ला युद्ध संपले, भाव कोसळले, कित्येक व्यापारी बसले. तरी पेठ उठली नाही. सरकी काढणारे जिन, गाठी बांधणारे प्रेस आणि मागोमाग सूतगिरणी, असा कारखान्यांचा संसार रुळांच्या कडेने थाटला गेला. जळगावचा इतिहास लिहिणारे इथे एक आनंदाचा परिच्छेद लिहितात. आम्हांस त्या परिच्छेदात आत शिरून पाहावेसे वाटते, की जिनात रेच्यापुढे कोण बसले होते?

बाया बसल्या होत्या. आसोदे, मेहरूण आणि आसपासच्या खेड्यांतून पहाटे अंधारात निघून त्या येत. कपाशी रेच्याला घालायची, सरकी एका अंगाला, रुई दुसऱ्या अंगाला. हंगाम तीन-चार महिन्यांचा, पण त्या महिन्यांत यंत्र थांबवावयाचे नाही. १८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांची चौकशी करण्यास आयोग नेमला होता. त्याच्यापुढे खानदेशातील जिनांविषयी साक्ष झाली, आणि ती साक्ष कोणा चळवळ्याची नव्हती, धंद्यातल्याच माणसाची होती. तिचा मतलब असा, की ऐन हंगामात जिन आणि प्रेस रात्रंदिवस चालतात, आणि तीच माणसे सुमारे आठ दिवस अशीच रात्रंदिवस काम करीत राहतात. आठ दिवस! ही माणसे म्हणजे बहुतेक बायाच. त्यांची तान्ही मुले तिथेच रुईच्या धुरळ्यात झोपलेली असणार.

कोणी विचारील, तेव्हा कायदा नव्हता काय? होता. हिंदुस्थानातला पहिला कारखान्यांचा कायदा १८८१ सालचा. परंतु त्याने कारखाना कशाला म्हणावयाचे ते आधी ठरवून टाकले होते. जिथे शंभर माणसे असतील आणि जिथे वर्षात चार महिन्यांहून अधिक काम चालेल, तोच कारखाना. जिन हंगामी, म्हणून जिन हा कारखानाच नव्हे. १८९१ साली कायदा सुधारला, बायकांना दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली गेली, पण चार महिन्यांची अट राहिली. ती अट निघाली १९११ साली. म्हणजे पहिल्या कायद्यापासून तीस वर्षे रेच्यापुढची बाई कायद्याच्या डोळ्यांना दिसलीच नाही. ती बसलेली होती, तिच्यापुढे यंत्र फिरत होते, तिच्या हातून गाठी बांधून मुंबईच्या गोदीला जात होत्या, आणि कायदा म्हणत होता, इथे कोणी नाही.

त्याच काळात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांनी साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. त्यांच्या खटपटीने १८९० साली मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. आम्ही फाटकापाशी लोखंड्यांचे नाव घेतो तेव्हा रविवारपेक्षा त्या सह्यांबद्दल अधिक बोलतो. ज्यांना अक्षरे येत नव्हती अशा किती माणसांनी त्या कागदावर आपली खूण केली असेल, याचा विचार करा. हक्क मागण्याच्या आधी त्यांनी एक काम केले. आपण आहोत, एवढे कागदावर चढविले.

आमची आई जिनात जाई. तो काळ पुष्कळ पुढचा, १९७५ नंतरचा. तेव्हा कापूस एकाधिकार योजनेत खरेदी होत असे आणि जिनांच्या दारात बैलगाड्यांच्या रांगा मैल मैल लागत. १९४८ चा कायदा येऊन तीस वर्षे होत आली होती, आठ दिवसांची ती रात्र संपली होती. तरी आई संध्याकाळी घरी येई ती केसांत, भुवयांत, पापण्यांवर रुई घेऊन. लहानपणी आमची खरोखर अशी समजूत होती, की आई जिनात गेली की म्हातारी होते आणि तलावावर तोंड धुतले की पुन्हा तरुण होते. ती खोकत असे. तो खोकला रुईचा, हे आम्हांस वीस वर्षांनी पुस्तकात वाचून कळले. तोवर ती नव्हती. कळण्याची भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून ती किती हंगाम गेली, याचा कागद आमच्यापाशी नाही. वडील गिरणीत बदली कामगार होते. त्यांचे एक ओळखपत्र पेटीत आहे. आईचे काही नाही.

आता आमची स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती सांगण्यात भूषण नाही, पण व्याख्यानात दुसऱ्यांचे दोष सांगून उतरावे हे आम्हांस बरे वाटत नाही.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत डाळीचे कारखाने आहेत, प्लॅस्टिकच्या चटयांचे आहेत. जिनांतल्या बायांच्या लेकी-सुना आता तिथे जातात. अशा एका कारखान्यात मेहरूणची एक बाई अकरा वर्षे काम करीत होती. कारखान्याचे नाव सांगत नाही, बाईचेही सांगत नाही. एके रात्री यंत्रात तिच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. मालकाने दवाखान्याचा खर्च पहिल्या दिवशी दिला आणि दुसऱ्या दिवशी सांगितले, की ही बाई आमच्याकडे कामाला नव्हतीच. मस्टर दाखविले. मस्टरवर नाव नव्हते. हाताखाली माणसे पन्नास, हजेरीपटावर सोळा, हा प्रकार आपल्याकडे नवा नाही.

आम्ही नुकसानभरपाईचा दावा लावला. वकिलाने विचारले, ती कामाला होती याचा पुरावा काय? पगाराची चिठ्ठी नव्हती. सोबतच्या बाया साक्षीला घाबरत होत्या, कारण दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच फाटकातून आत जायचे होते. मग आम्ही मोठ्या विश्वासाने म्हणालो, आमच्या युनियनची वर्गणीची वही आहे. सात वर्षे ही बाई वर्गणी देते, कारखान्याप्रमाणे आमच्या नोंदी आहेत, ती वही पुढे करू.

वही काढली. पाने उलटली. बाईचे नाव नव्हते. जिथे ती असावयास हवी होती तिथे आमच्याच हस्ताक्षरात लिहिले होते, ‘अमक्याची बायको’. सातही वर्षे तेच. दुसऱ्या पानावर ‘तमक्याची आई’, तिसऱ्यावर ‘मेहरूणच्या बाया, चार’. पुरुषांची नावे पूर्ण, बापाच्या नावासकट. समोरच्या वकिलाने त्या वहीवर फार बोलण्याचेही श्रम घेतले नाहीत. तो म्हणाला, या गृहस्थांच्या पत्नी एकच होत्या हे तरी यावरून कसे कळावे? न्यायालयात काही लोक हसले. अखेर तडजोड झाली. हाताला जे मिळावयास हवे होते, त्याच्या एका लहानशा तुकड्यावर सही करावी लागली. सही म्हणजे अंगठा, आणि तोही डाव्या हाताचा.

बाहेर आल्यावर ती रडली नाही, रागावली नाही. ओट्यावर बसून तिने आम्हांस विचारले, “भाऊ, माझं नाव कुठीच लिहेल नही का?”

बंधूभगिनींनो, मालकाशी भांडायचे शब्द आमच्यापाशी पुष्कळ आहेत. त्या प्रश्नाला आमच्यापाशी एकही शब्द नव्हता. मालकाने तिला मस्टरवरून वगळले ते पैसे वाचविण्यासाठी. आम्ही वगळले ते कशासाठी? काही मिळविण्यासाठीही नव्हे. तिचे नाव विचारावे हे सुचलेच नाही. ज्याच्या आईचा एकही कागद शिल्लक नाही, त्याला तरी हे सुचावयास हवे होते. १८८१ च्या कायद्याला आम्ही फाटकावर उभे राहून नावे ठेवीत होतो आणि तोच कायदा आमच्या काखेतल्या वहीत लिहिलेला होता.

त्या दिवसापासून आमच्या वहीत बाईचे नाव तिचे म्हणून येते. तिला विचारून, तिच्यापुढे वाचून दाखवून लिहितो. यात फार मोठे काही केले असे नाही. उशीर झाला, एवढेच खरे.

हा प्रश्न केवळ आमच्या वहीचा नाही. माणसे किती असली म्हणजे तो कारखाना, हा हिशेब अजून चालूच आहे. १८८१ ला शंभर, १८९१ ला पन्नास, असे करीत १९४८ च्या कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागेसाठी तो आकडा दहावर आणला. सत्तर वर्षे झगडून तो खाली आला होता. २०२० साली संसदेने कामगारांच्या सुरक्षिततेची नवी संहिता मंजूर केली, तिच्यात तो वीस झाला आहे. यावर उलटसुलट मते आहेत. लहान धंदेवाल्याला कागदांचा जाच कमी व्हावा, हे आम्हांसही समजते, चार माणसांचा कारखाना चालविणारा आमच्यासारखाच घाम गाळतो. आमचे म्हणणे एवढेच, की आकडा वर गेला म्हणजे रेषेखालची माणसे नाहीशी होत नाहीत. ती तिथेच बसलेली असतात, यंत्रही तिथेच फिरत असते.

आता तुमच्यापैकी काहींना वाटेल, की या माणसाने गावाचा इतिहास सांगतो म्हणून वर्गणीच्या वहीची कथा सांगितली. परंतु आमच्या समजुतीप्रमाणे गावाचा इतिहास हीच वही आहे. कोणाचे नाव लिहिले आणि कोणाला ‘चार’ म्हटले, यावरून गाव ओळखावे.

याच मातीतले एक उदाहरण देऊन आवरते घेतो. आसोद्याची लेक, जळगावच्या चौधरीवाड्याची सून, बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर, चुलीपाशी त्या ओव्या रचीत आणि म्हणत. मुलगा सोपानदेव स्वतः कवी, त्यांनी आणि घरातल्या माणसांनी त्या टिपून ठेवल्या. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. त्या वह्या आचार्य अत्र्यांनी पाहिल्या आणि १९५२ साली गाणी पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आली. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. आम्ही नेहमी विचार करतो, की त्या घरात कागद-पेन्सिल घेऊन बसणारे कोणी नसते तर काय झाले असते? बहिणाबाई तेवढ्याच मोठ्या राहिल्या असत्या, आणि आपण त्यांना ओळखले नसते. ओवी म्हणणाऱ्या बाया खानदेशात घरोघर होत्या. पेन्सिल एका घरात होती.

सध्या आखाजीचे दिवस आहेत. आपल्याकडे आखाजीला सालदाराचे जुने साल संपते आणि नवे ठरते. देणेघेणे मिटवून माणूस मोकळा होतो. आमच्याकडचे एक देणे आज तुमच्या समक्ष सांगून टाकले. ते फिटले असे आम्ही म्हणत नाही.

तुमच्याकडे एक मागणे आहे. घरी गेल्यावर जुनी पेटी उघडा. गिरणीचे तिकीट असेल, जिनातला बिल्ला असेल, आजीच्या रेशनकार्डाचा तुकडा असेल, तलावाकाठच्या बोरींचा जुना सातबारा असेल, तो टाकू नका. कागद नसेल तर माणूस असेल. आजी असेल, मामी असेल, शेजारची म्हातारी असेल. तिला विचारा, कुठल्या जिनात होतीस, किती हंगाम केलेस, मजुरी काय मिळे, शेजारी कोण बसे. आणि ती सांगेल ते लिहून घ्या. पहिल्या ओळीत तिचे नाव लिहा, ‘अमक्याची बायको’ असे नव्हे.

खानदेश मिलचा भोंगा आता वाजत नाही. त्या जागी खानदेश सेंट्रल उभे आहे आणि तिथे दिवे लखलखतात. मुलांनी तिथे जरूर जावे, आम्हीही जातो. मात्र एखाद्या मुलाने विचारले, की बाबा, इथे आधी कोण होते, तर निदान दहा नावे सांगता यावीत. आम्हांस आज सहा सांगता येतात. व्यासपीठाच्या उजव्या हाताला दाराशी टेबलावर एक कोरी वही ठेवली आहे. पहिल्या पानावर आम्ही आमच्या आईचे नाव लिहिले आहे. दुसऱ्यावर त्या भगिनीने डाव्या हाताने आपले नाव लिहिले आहे. अंगठा नाही, अक्षरे आहेत. दोन महिने गिरवून ती शिकली. पुढची पाने रिकामी आहेत.